निर्वासन : शब्द, रूपक आणि वस्तुस्थिती

काही महिन्यांपूर्वी इंदुरात झालेल्या एका व्याख्यानाविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. व्याख्यानाचा विषय 'निर्वासन आणि सांस्कृतिक सीमा' असा होता. व्याख्याते विद्यापीठीय अभ्यासक असून त्यांचे वाचन विस्तृत आहे. दोन तासांच्या भाषणात त्यांनी रोमन कवी ओव्हिडपासून एडवर्ड सईदपर्यंत कितीतरी लेखकांचा परामर्श घेतला. सभागृह भरलेले होते आणि श्रोत्यांत शिक्षकांचा भरणा मोठा होता. तरीही सभा संपल्यावर ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांपैकी एकासही व्याख्यानाचा सारांश सांगता येईना. विषय कठीण असल्यामुळे असे झाले असते तर तक्रारीस जागा नव्हती. कठीण विषय श्रोत्याने कष्टाने समजून घ्यावा हेच योग्य. परंतु येथील दुर्बोधता विषयाची नव्हती, शब्दांच्या सैल योजनेची होती. हा सैलपणा बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाच्या स्वतःविषयीच्या समजुतीलाच येऊन भिडतो, म्हणून त्याची चिकित्सा होणे अवश्य वाटते.

व्याख्यात्यांवर अन्याय होऊ नये यासाठी प्रथम त्यांचे म्हणणे शक्य तितक्या स्पष्टपणे मांडतो. त्यांच्या प्रतिपादनातून चार विधाने हाती लागतात. पहिले असे की, आधुनिक काळातील प्रत्येक लेखक हा निर्वासितच असतो, कारण तो आपल्या समाजात पूर्णपणे रुजलेला नसतो. दुसरे असे की, प्रत्येक संस्कृतीभोवती एक भिंत असते आणि ती भाषांतराने वा सहवासाने ओलांडता येत नाही. तिसरे असे की, निर्वासित लेखक दोन संस्कृतींच्या उंबरठ्यावर उभा असल्यामुळे त्याला दोन्हीकडचे अधिक स्वच्छ दिसते. चौथे विधान शेवटी आले व टाळ्याही त्यालाच पडल्या. ते असे की, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आपण मराठी लोकही निर्वासितच आहोत आणि आपल्या साहित्याचा विचार याच दृष्टीने झाला पाहिजे.

यांपैकी दुसरे आणि तिसरे विधान एकत्र नांदू शकत नाही, ही गोष्ट पहिल्या श्रवणातच ध्यानात यावी. भिंत ओलांडता येत नसेल तर निर्वासिताला पलीकडचे दिसते कसे? आणि त्याला ते दिसत असेल, इतकेच नव्हे तर लिहून आपणांस दाखविता येत असेल, तर भिंत अभेद्य कशी? व्याख्याते या प्रश्नापाशी दोनदा आले आणि दोन्ही वेळा एक रूपक टाकून पुढे गेले. एकदा त्यांनी उंबरठ्याचे रूपक वापरले, एकदा आरशाचे. रूपक विचाराला साहाय्य करते हे खरे. पण जेथे विचार अडला आहे तेथे रूपक ठेवल्याने अडचण झाकली जाते, सुटत नाही. निबंध तपासताना विद्यार्थ्याच्या वहीत अशी जागा आढळली तर आपण समासात प्रश्नचिन्ह काढतो. मोठ्या व्यासपीठावरून आलेल्या वाक्यालाही तोच न्याय लावला पाहिजे.

आता मूळ शब्दाकडे वळू. आपल्या भाषेत घर सुटण्याच्या निरनिराळ्या अवस्थांना निरनिराळी नावे आहेत आणि ती अनुभवातून घडलेली आहेत. वनवासाला अवधी असतो. रामाला चौदा वर्षे, पांडवांना बारा वर्षे आणि वर एक वर्षाचा अज्ञातवास. मुदत भरली की परतीची वाट मोकळी. मेघदूतातील यक्षाचा शापही एका वर्षाचा आहे, आणि म्हणूनच त्या काव्यातील विरहाला आशेची किनार आहे. म. म. मिराशी यांनी यक्षाचा रामगिरी म्हणजे आपले नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादन केले आहे. त्या डोंगरावरून निघालेल्या मेघाला कवी मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या माळव्यातील उज्जयिनीवरून जावयास सांगतो. निरोप नेणाऱ्याला वाटेत कोठेही भिंत आडवी येत नाही.

हद्दपारी ही निराळी गोष्ट. तेथे घालवून देणारी सत्ता असते आणि परत येण्यास तिचीच मनाई असते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले आणि १८४७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजींनी लंडनमध्ये चौदा वर्षे काढली, तरी दार उघडले नाही. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड १८७५ साली मद्रासला धाडले गेले, ते परतले नाहीत. लोकमान्यांना १९०८ साली मंडालेस नेले. पण त्यांच्या शिक्षेला सहा वर्षांची मर्यादा होती, आणि तेथे 'गीतारहस्य' लिहून ते १९१४ साली पुण्यास आले. याहून वेगळा शब्द 'परागंदा'. तो भीतीने वा संकटाने पळालेल्याला लागतो. 'देशोधडीला लागणे' यात एका माणसाची नव्हे तर संसाराची वाताहत आहे. 'वाळीत टाकणे' यात तर माणूस गाव सोडीतही नाही. गावच त्याला सोडते. आणि 'स्थलांतर' हा या सर्वांहून सौम्य शब्द, कारण त्यात जाणाऱ्याची इच्छा आणि परतीची मोकळीक दोन्ही शिल्लक असतात.

ही सर्व नावे बाजूला सारून व्याख्यात्यांनी एकच शब्द सर्वत्र वापरला. त्यांनी ज्यांचा आधार घेतला त्या एडवर्ड सईद यांनी असे केलेले नाही, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. सईद यांचा जन्म १९३५ साली जेरूसलेम येथे झाला आणि त्यांच्या कुटुंबाचे घर पुढे कायमचे हातचे गेले. १९८४ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी हद्दपार झालेला, निर्वासित, स्वेच्छेने परदेशी राहिलेला आणि देशांतर केलेला असे चार वेगळे वर्ग केले आहेत. निर्वासनाला साहित्यिक शोभेची वस्तू बनविण्याविरुद्ध त्यांनी त्याच निबंधात इशाराही दिला आहे. म्हणजे ज्या दिव्याच्या उजेडात चालावयाचे, त्याच दिव्यावर आपल्या व्याख्यात्यांनी पदर टाकला.

'सांस्कृतिक भिंत' या शब्दप्रयोगाचीही हीच गत झाली. या एका नावाखाली त्यांनी किमान तीन प्रकारचे अडसर एकत्र बांधले : राजकीय सीमेचा, भाषेचा आणि समाजातील उच्चनीचतेचा. तिन्हींची जात वेगळी आहे, आणि त्यांचा साहित्यावर होणारा परिणामही वेगळा आहे. तीन उदाहरणे घेऊन हे पाहू.

पहिले उदाहरण सिंधी साहित्याचे. १९४७ साली सिंध प्रांत अखंडपणे पाकिस्तानात गेला. पंजाब आणि बंगालप्रमाणे त्याचे दोन तुकडे झाले नाहीत. त्यामुळे इकडे आलेल्या सिंधी माणसाला आपली म्हणता येईल अशी वीतभर भूमीही भारतात उरली नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांतील हजारो लोक राहिले. त्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. आमच्या इंदुरातही अशी पुष्कळ कुटुंबे आली. त्यांच्या भाषेला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले. आता या समाजातील कवी नारायण श्याम दिल्लीत राहिले आणि त्यांचे समकालीन शेख अयाज सिंधमध्ये राहिले. १९६५ च्या युद्धात अयाज यांनी आपल्या या मित्राला उद्देशून एक कविता लिहिली. समोर नारायण श्याम उभा असताना मी शस्त्र रोखावे कसे, असा तिचा आशय आहे. दोघांची भाषा एक, दोघांच्या कवितेला शाह लतीफचा वारसा एक, दोघांची नदी एक. येथे संस्कृतीची भिंत कोठे आहे? जी आहे ती दोन राज्यांची सीमा आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना एकच संस्कृती तळमळत आहे. अशा कवितेचा उलगडा 'सांस्कृतिक भिंत' या कल्पनेने होत नाही. उलट त्या कल्पनेमुळे कवितेतील वेदनेचे कारणच दिसेनासे होते.

रशियन कवी जोसेफ ब्रॉडस्की यांचा उल्लेख व्याख्यानात झाला, म्हणून त्यांच्याविषयीही दोन वाक्ये. १९६४ साली 'समाजोपयोगी काम न करणारा परोपजीवी' ठरवून त्यांना उत्तरेकडील एका खेड्यात धाडण्यात आले आणि १९७२ साली देशाबाहेर काढण्यात आले. मुलाला भेटण्यासाठी त्यांच्या आईवडिलांनी पुन्हा पुन्हा अर्ज केले. प्रत्येक अर्ज नामंजूर झाला. आई १९८३ साली गेली, वडील १९८४ साली गेले. भेट झाली नाही. त्यांच्या आठवणींचा निबंध ब्रॉडस्की यांनी इंग्रजीत लिहिला, कविता मात्र प्रामुख्याने रशियनमध्येच लिहीत राहिले. म्हणजे भाषेची सीमा हा माणूस दररोज ओलांडीत होता. जी ओलांडता आली नाही ती एका सरकारी कचेरीतील शिक्क्याची होती. व्याख्यात्यांनी हे उदाहरण 'संस्कृतींच्या अभेद्यतेचे' म्हणून दिले. ते नेमके त्याच्या उलट सिद्ध करते.

दुसरे उदाहरण भाषेच्या सीमेचे, आणि ते आपल्या घरचेच आहे. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. थोरल्यांचा जन्म १९१७ साली तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरचा, धाकट्यांचा १९२१ साली इंदूरचा. घरची भाषा मराठी. थोरले इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि हिंदीतील नव्या कवितेचे एक अग्रणी ठरले. धाकट्यांनी मराठीत कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील एका कादंबरीस त्यांनी उज्जयिनीच्या क्षिप्रेचे नाव दिले, आणि मराठी समीक्षेतील त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथास १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका घरात, एका ताटात जेवून दोघे भाऊ दोन भाषांचे लेखक झाले. दोघांनाही सामान्य माणसाच्या मुक्तीचा ध्यास होता, आणि हा समान ध्यास कोणत्याही भिंतीने अडविलेला दिसत नाही. देवघर भागातील सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' लिहिली व ती इतकी प्रभावी ठरली की सरकारने तिच्यावर बंदी घातली. साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर गुजरातीचे श्रेष्ठ गद्यकार झाले. धारवाडच्या बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलत, आणि कन्नड कवितेसाठी त्यांना ज्ञानपीठ मिळाले. यांपैकी कोणासही आपण निर्वासित म्हणावयाचे काय? यांनी काही गमावले असेल; पण ते गमावणे हद्दपारीचे नव्हे, निवडीचे आहे. त्या निवडीत त्यांनी मिळविलेलेही मोठे आहे. बृहन्महाराष्ट्रातील साहित्याचा विचार करताना हा मिळकतीचा पक्ष व्याख्यानात अजिबात आला नाही, याचा खेद होतो.

तिसरे उदाहरण उच्चनीचतेच्या भिंतीचे. बाबूराव बागूल यांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती!' या संग्रहातील त्याच नावाची कथा पुष्कळांनी वाचलेली असेल. रेल्वेच्या नोकरीनिमित्त गुजरातेत गेलेला एक तरुण भाड्याच्या खोलीसाठी आपली जात लपवितो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. हा तरुण परप्रांतात आहे, परभाषकांत आहे. परंतु परभाषेने त्याला दुखावलेले नाही. त्याच्या वाट्याला आलेली भिंत त्याने गावाकडून बरोबर आणलेली नव्हती, आणि तरीही ती तेथे आधीच उभी होती. कारण ती प्रांताप्रांतांच्या मध्ये नाही, प्रत्येक प्रांताच्या आत आहे. आपल्या गावातच गावकुसाबाहेर राहणाऱ्याला निर्वासनासाठी परदेशी जावे लागत नाही. मराठी साहित्यात 'सांस्कृतिक सीमा' या विषयाचे सर्वांत सखोल चित्रण ज्या प्रवाहाने केले त्या दलित साहित्याचा दोन तासांत एकदाही नामनिर्देश होऊ नये, याचे आश्चर्य वाटते. ओव्हिड आपल्या काळ्या समुद्राकाठच्या गावी एकाकी होता, हे आम्ही आदराने ऐकले. पण गावकूस त्याहून जवळ आहे.

आता चौथ्या विधानाकडे येतो, कारण सर्वांत अधिक विचार करावयाचा तो त्याचाच. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणूस निर्वासित आहे, हे इतिहासाला धरून नाही. बिठूरला दुसऱ्या बाजीरावाबरोबर १८१८ नंतर जी कुटुंबे गेली त्यांच्या बाबतीत हद्दपारीची छाया होती, हे मान्य. पण माळव्यात आणि गुजरातेत मराठे आले ते अठराव्या शतकात, फौजांबरोबर आले. तंजावरला त्याआधीच, सतराव्या शतकात, व्यंकोजींबरोबर गेले. त्यांच्यामागून कारकून, उपाध्ये, सावकार, शास्त्री आणि हरदास आले. आम्ही घालवून दिलेले नव्हे, चालून आलेले लोक आहोत. आमचे पूर्वज येथे आले ते सनदा घेऊन आले, आणि येथील गावांनी त्यांना सारा दिला. पुढे १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि मराठीचा राजाश्रय गेला. राजाश्रय जाणे ही हानी खरी. परंतु राजाश्रय जाणे आणि घरदार जाणे यांत अंतर आहे. ज्याला रात्रीच्या गाडीत बसून सकाळी पुण्यास उतरता येते, त्याने स्वतःला निर्वासित म्हणवून घेणे शोभत नाही. सीमाभागातील आपल्या बांधवांची गोष्ट आणखी निराळी : १९५६ साली तेथे माणूस हलला नाही, राज्याची सीमा हलली. त्यांचे गाऱ्हाणे न्याय्य आहे की नाही हा वाद येथे नको. पण त्याला त्याचे स्वतःचे नाव मिळाले पाहिजे, उसने नव्हे.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. त्या व्याख्यानानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत अकरावीतील एका मराठी मुलाने आवेशाने सांगितले की, आपण माळव्यातील मराठी लोक निर्वासित आहोत. समोर बसलेल्या मुलांत अशीही मुले होती ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९४७ साली सिंधमधील घराला कुलूप लावून किल्ली बरोबर आणली होती. त्यांनीही इतरांबरोबर टाळ्या वाजविल्या. मुलाचा दोष नाही. त्याने मोठ्यांकडून ऐकलेला शब्द उचलला. पण तो शब्द ज्यांचा आहे त्यांच्यासमोर, ज्यांचा नाही त्याने तो मिरविला, आणि सभेतील कोणासही त्यात विसंगती दिसली नाही. शब्द सैल झाला की असे होते. ज्याने खरोखर सर्वस्व गमावले त्याच्याकडे स्वतःचे दुःख सांगावयास वेगळा शब्द उरत नाही.

दुसरा तोटा आपलाच आहे. निर्वासित म्हटले की दोष घालवून देणाऱ्याकडे जातो. मग महाराष्ट्राबाहेर मराठीच्या वर्गातील बाके रिकामी का होत आहेत, या प्रश्नाचे उत्तर तयारच मिळते : परिस्थिती, सरकार, परका प्रांत. वास्तविक मराठीला आमच्या घरांतून कोणी हद्दपार केलेले नाही. पालकांनी मुलांशी मराठी बोलणे सोडले, आम्ही शिक्षकांनी मराठीचा तास परीक्षेपुरता ठेवला, संस्थांनी वार्षिकोत्सवात समाधान मानले. जी गोष्ट आपल्या हातातून निसटली ती कोणी हिसकावून नेली असे म्हणणे सोईचे असते, पण त्याने ती परत मिळत नाही. त्याचप्रमाणे, निर्वासिताकडून शेजाऱ्याची भाषा शिकण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. तो परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसला तर ते समजण्यासारखे आहे. आपल्याला मात्र ही सवलत नाही. अडीचशे-तीनशे वर्षे ज्या भूमीचे अन्न खाल्ले तेथील माळवी, गुजराती, कन्नड वा तेलुगू साहित्य आपल्या ग्रंथालयांत किती आहे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःस विचारावा. वर उल्लेखिलेला ओव्हिडसुद्धा, सम्राटाने इ. स. ८ मध्ये हाकलून दिलेला तो अभिमानी रोमन, तक्रारी करता करता सांगतो की, आपण तेथील गेटी लोकांच्या भाषेत एक काव्य रचले. खऱ्या हद्दपाराला जे साधले ते चालून आलेल्यांच्या वंशजांना का साधू नये?

व्याख्यानात घेण्यासारखे काही नव्हते असे मात्र नाही. लेखकाचे श्रोते त्याच्यापासून तुटले की त्याच्या भाषेवर काय परिणाम होतो, हा मुद्दा व्याख्यात्यांनी मध्यंतरी काढला होता. तो मोलाचा आहे आणि त्याचा विस्तार झाला असता तर सारे व्याख्यान उजळले असते. कारण निर्वासनाचा साहित्याशी खरा संबंध येथेच जुळतो. माणूस कोठे राहतो यापेक्षा तो कोणास उद्देशून लिहितो आणि ते त्याच्यापर्यंत पोचू शकते की नाही, यावर त्याच्या लेखनाचा स्वर ठरतो.

म्हणून शिक्षकबंधूंना एक व्यवहार्य सूचना करून हे लेखन संपवितो. वर्गात निर्वासनाविषयीची कविता वा कथा शिकवावयाची असेल तेव्हा सिद्धान्ताची अवजड परिभाषा बाजूस ठेवून विद्यार्थ्यांपुढे तीन साधे प्रश्न ठेवावेत. या माणसाला कोणी घालविले? त्याला परत जाता येईल काय, आणि येत नसेल तर अडविणारे कोण? तो हे कोणास सांगत आहे? यक्ष, प्रतापसिंह, शेख अयाज, ब्रॉडस्की आणि बागुलांचा तो रेल्वेतील तरुण, या सर्वांना हे तीन प्रश्न लावून पाहावेत. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, आणि त्या वेगळेपणातच त्या त्या साहित्यकृतीचे मर्म सापडेल. हेच तीन प्रश्न मग आपण स्वतःलाही विचारावेत. पहिल्याचे उत्तर 'कोणी नाही' असे येईल. दुसऱ्याचे 'केव्हाही जाता येईल' असे येईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र आज आपल्यापाशी नाही, आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी लेखकापुढचा व शिक्षकापुढचा खरा प्रश्न तोच आहे.